तात्पुरतं उघडलेलं पोर्ट ९०९० : नागपुरातल्या एका लॅबच्या चॅट सर्व्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

धंतोली आणि रामदासपेठ हा नागपूरचा दवाखान्यांचा पट्टा. त्याच भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत. तांत्रिक बाजू मात्र जशी घडली तशीच मांडतो, कारण लिहिण्याचं कारणच ते आहे.

मुख्य लॅब एक, आणि वाडी, हिंगणा, कामठी, बुटीबोरी अशा ठिकाणी मिळून नऊ कलेक्शन सेंटर. सकाळी सहापासून उपाशीपोटीचे नमुने घ्यायला सुरुवात होते आणि दहाच्या आत पेट्या लॅबकडे निघालेल्या असतात. सेंटर आणि लॅब यांच्यातलं सगळं बोलणं चॅटवर चालायचं. पेटी निघाली, पेटी मिळाली, अमुक ट्यूबमधलं रक्त गोठलं म्हणून पुन्हा घ्या. याहून महत्त्वाचा भाग म्हणजे क्रिटिकल. पोटॅशियम किंवा हिमोग्लोबिन धोक्याच्या पातळीवर दिसलं, की रिपोर्ट छापून होण्याची वाट न पाहता पॅथॉलॉजिस्टने ते लगेच कळवायचं असतं. चॅट बंद पडणं ही या लॅबमध्ये गैरसोयीपुरती गोष्ट नव्हती.

लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी काही वर्षांपूर्वी ठरवलं होतं, की पेशंटची नावं आणि आकडे कर्मचाऱ्यांच्या खाजगी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला नकोत. म्हणून लॅबमध्येच एका उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर ओपनफायर बसवलं गेलं. ओपनफायर हा एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर (संदेश देवाणघेवाणीच्या नियमांवर) चालणारा, जावामध्ये लिहिलेला, मुक्त स्रोत संदेश सर्व्हर आहे. निर्णय चांगला होता, आणि पुढे जे झालं त्यानंतरही मी तो चांगलाच म्हणेन.

या सॉफ्टवेअरचा स्वभाव आधी सांगायला हवा. बाहेरून तो एकच सर्व्हर दिसतो, पण आत वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी दारं आहेत. त्यांनाच पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. फोनवरचं किंवा संगणकावरचं अ‍ॅप ५२२२ वर येतं. दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरशी बोलायचं असेल तर ५२६९. ब्राउझरमधून चॅट करायचं तर आतमध्येच एक छोटा वेब सर्व्हर आहे, तो ७०७० वर साधा आणि ७४४३ वर एन्क्रिप्टेड ऐकतो. फाइल पाठवण्यासाठी ७७७७. आणि संपूर्ण सर्व्हरचा कारभार जिथून चालतो ते अ‍ॅडमिन कन्सोल ९०९० आणि ९०९१ वर. पहिली काही दारं लोकांसाठी आहेत. शेवटची दोन कारभाऱ्यासाठी आहेत. या प्रकरणात हा फरकच पुसला गेला होता.

अडचण

२०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस लॅबचं आयटी बघणाऱ्या तरुणाचा फोन आला. तो बाहेरच्या एका कंत्राटदाराकडून नेमलेला, एकट्याने सगळं सांभाळणारा. म्हणाला, "सर, बुटीबोरीचं चॅट चालू नाही होऊन राहिलं जी. अजून कोणता पोर्ट उघडू, तेवढं सांगा फक्त."

बुटीबोरीचं सेंटर एका कारखान्याच्या आरोग्य कक्षात होतं, त्यामुळे नेटवर्कही कारखान्याचं. तिथून बाहेर जायला फक्त ८० आणि ४४३ मोकळे. आपल्या राउटरवर काहीही उघडलं तरी त्यांच्या भिंतीतून ७४४३ बाहेरच पडणार नव्हतं.

वाडी आणि कामठीची तक्रार निराळी होती. चॅटचं पान एचटीटीपीएसवर होतं, पण त्या पानातून सर्व्हरला लागणारी जोडणी ७०७० वरच्या साध्या एचटीटीपीला जात होती. सुरक्षित पानातून असुरक्षित जोडणी ब्राउझर होऊ देत नाही. ७४४३ वर जावं तर तिथलं प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरच्या ओळखीचा दाखला, सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेलं, त्यामुळे प्रत्येक संगणकावर एकदा धोक्याचा इशारा ओलांडून यावं लागे. ब्राउझर अपडेट झाला की ती परवानगी कधी कधी हरवायची आणि चॅटचं चक्र नुसतं गोल फिरत राहायचं.

अशाच एका सकाळी पोटॅशियमचा क्रिटिकल संदेश न जाता अडकून राहिला. पॅथॉलॉजिस्टला शंका आली, त्यांनी फोन केला, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सेंटरवरच्या ताई गुपचूप पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. त्यांना दोष देण्यासारखं मला त्यात काहीच दिसत नाही.

पाहणीत काय सापडलं

कोणता पोर्ट उघडायचा हे सांगण्याआधी मी राउटरवरची यादी मागितली. ५२२२, ५२६९, ७०७०, ७४४३, ७७७७, ९०९० आणि ९०९१ असे सातही पोर्ट बाहेरून थेट सर्व्हरकडे वळवलेले होते. प्रत्येकाची कहाणी विचारली. ५२२२ पहिल्या दिवसापासूनचा. ७०७० वेब चॅट आलं तेव्हाचा. ७४४३ तक्रारी आल्या तेव्हाचा. ५२६९ आणि ७७७७ कधी उघडले ते कोणालाच आठवेना.

९०९० ची तारीख मात्र पक्की निघाली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. त्या दिवशी निम्मे लोक लॅबमध्ये पोचू शकले नाहीत. घरून काम करणाऱ्यांना नवी खाती हवी होती, काहींचे पासवर्ड विसरलेले. हा तरुण स्वतः घरी अडकलेला. त्याने राउटरवर दुरून शिरून ९०९० आणि ९०९१ बाहेरून उघडले आणि घरी बसून सगळ्यांची खाती लावून दिली. त्या दिवशी लॅब चालली ती त्याच्यामुळे. नंतर पाणी ओसरलं, लोक परतले, आणि ते दोन पोर्ट तसेच राहिले.

मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे पूर्ण बाहेरच्या माणसाच्या नजरेने, कोणते पोर्ट उघडे आहेत हे तपासणारं एनमॅप चालवलं. सातही पोर्ट उघडे. ब्राउझरमध्ये ९०९० टाकलं तर कन्सोलचं लॉगिन पान आलं आणि पानावरच आवृत्ती लिहिलेली होती. ४.६ मालिकेतली, ४.६.८ च्या आधीची.

ती आवृत्ती वाचली आणि बाकीच्या तक्रारी बाजूला पडल्या. मे २०२३ मध्ये ओपनफायरच्या अ‍ॅडमिन कन्सोलमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली होती, सीव्हीई-२०२३-३२३१५ या क्रमांकाने (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींची सार्वजनिक यादी). पहिल्यांदा सर्व्हर बसवताना जी सेटअपची पानं लागतात, त्यांना लॉगिनची अट नसते. त्या पानांच्या वाटेवरून वरच्या फोल्डरमध्ये घुसता येऊ नये म्हणून पत्त्यातले दोन ठिपके अडवणारी तपासणी होती. पण ठिपके एका अप्रचलित युनिकोड पद्धतीने लिहिले तर तपासणीला ते ओळखू येत नसत, आणि आतला वेब सर्व्हर मात्र ते बरोबर समजून घेत असे. परिणामी लॉगिन न करता कन्सोलच्या आतल्या पानांपर्यंत पोचता येत होतं. एप्रिल २०१५ मधल्या ३.१०.० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ही फट होती आणि ४.६.८ व ४.७.५ मध्ये ती बुजवली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने, प्रत्यक्षात वापरल्या जात असलेल्या त्रुटींच्या आपल्या यादीत तिची नोंद केली. हल्ल्याची पद्धतही उघड झालेली होती : आधी स्वतःचं अ‍ॅडमिन खातं बनवायचं, मग त्या खात्याने प्लगइन (सर्व्हरला जोडायचा पूरक भाग) म्हणून आपला प्रोग्राम चढवायचा.

थोडक्यात, आमचं दार उघडलं गेलं तेव्हा ते ढकलणारे लोक निदान महिनाभरापासून रस्त्यावर फिरत होते.

वापरकर्त्यांच्या यादीत दोन अनोळखी खाती सापडली. नावं म्हणजे नुसती अक्षरांची सरमिसळ. त्यातलं एक अ‍ॅडमिन. प्लगइनच्या फोल्डरमध्ये एक जार फाइल (जावाचा प्रोग्राम) होती, जी त्या तरुणाने चढवलेली नव्हती.

पहिला निर्णय : त्या संध्याकाळी काय करायचं

संध्याकाळचे सहा वाजले होते. मशीन बंद करावी हा मनात आलेला पहिला विचार. तो बाजूला ठेवला, कारण बंद केल्यावर मेमरीतलं सगळं जातं आणि आत काय चालू होतं हे कधीच कळत नाही. राउटरवरचे सातही नियम काढले, मशीनची बाहेरची वाट पूर्ण तोडली, पण मशीन चालू ठेवली. मेमरीची आणि डिस्कची प्रत काढली, आणि पुढची सगळी तपासणी प्रतीवरच केली.

चॅट गेल्यावर क्रिटिकल कसे कळवायचे, हा प्रश्न त्या तासातला सर्वांत महत्त्वाचा होता. त्याचं उत्तर लॅबच्या सर्वांत जुन्या टेक्निशियन ताईंनी दिलं. चॅट यायच्या आधी वापरायची क्रिटिकलची वही त्यांनी कपाटातून काढली. फोन करायचा, समोरच्याकडून आकडा परत वदवून घ्यायचा, वेळ आणि नाव लिहायचं. पुढचे अकरा दिवस लॅब त्या वहीवर चालली.

मग मॅडमना सांगणं. त्यांनी एकच विचारलं, "पेशंटचं काय काय गेलं?" मला माहीत नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. संदेशांचा साठा त्याच सर्व्हरवर होता, त्यात नावं होती, आकडे होते. कोणी वाचले का, हे सांगू शकणाऱ्या नोंदी पुरेशा मागे जात नव्हत्या. राउटरवर नोंदी ठेवण्याची सोयच चालू केलेली नव्हती. त्यात राउटरचं आणि सर्व्हरचं घड्याळ एकमेकांशी जुळत नव्हतं, म्हणून जेवढं होतं तेही ताडून पाहता येईना.

कंत्राटदाराचं म्हणणं होतं की ती दोन खाती उडवा, आवृत्ती वाढवा, विषय संपला, बाहेर सांगायची गरज नाही. तो तरुण गप्प होता. नोकरी जाईल ही भीती त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते, नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवलेली असावी लागतात. हे मी मॅडमसमोर ठेवलं. रात्री साडेनऊला त्यांनी स्वतःच्या नावाने कळवलं. आणि त्या तरुणाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुराच्या दिवशी तू जे केलं ते मी सांगितलं म्हणून केलं. बंद कर म्हणून सांगायचं माझं राहिलं." या वाक्याने पुढचं काम सोपं झालं. त्यानंतर त्याने एकही गोष्ट लपवली नाही.

समोर असलेले पर्याय

जुनी मशीन साफ करून वापरायची की नव्याने उभारायची, यावर माझ्या मनात दुमत नव्हतं. अनोळखी माणसाने प्लगइन चढवलं म्हणजे ओपनफायरच्या अधिकाराने त्याला मशीनवर काहीही करता आलं असणार. त्याने आणखी कुठे काय ठेवलंय, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. नवी मशीन, नवी उबुंटू, ओपनफायर ४.७.५, आणि जुन्या डेटाबेसमधून फक्त तपासून घेतलेली खाती व गट. पासवर्ड सगळ्यांचे नवे.

खरा विचार करावा लागला तो बाहेरून आत येण्याच्या रचनेचा.

ठरावीक इंटरनेट (आयपी) पत्त्यांनाच परवानगी द्यायची, असा एक मार्ग होता. पण नऊपैकी बहुतेक सेंटर घरगुती ब्रॉडबँडवर. त्यांचे पत्ते बदलत राहतात आणि काहींचा सार्वजनिक पत्ता तर अनेक ग्राहकांत वाटलेला. तो मार्ग तिथेच संपला.

सगळ्यांना व्हीपीएन, म्हणजे लॅबच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी एन्क्रिप्टेड मार्ग, देणं सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत भक्कम. मात्र सेंटरवरचा कर्मचारीवर्ग बदलत असतो, आणि सकाळी सहा वाजता व्हीपीएन जुळलं नाही तर ताईंनी कोणाला उठवायचं? शिवाय कारखान्याच्या नेटवर्कमधून व्हीपीएन बाहेर पडेल याचीही खात्री नव्हती.

ओपनफायरचाच वेब भाग थेट ४४३ वर बसवणंही शक्य होतं. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट घ्यायला विशेष अधिकार लागतात आणि ओपनफायर साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं, तेच योग्य. त्याला जादा अधिकार देऊन पुन्हा थेट इंटरनेटसमोर उभं करायला मन तयार होईना. प्रमाणपत्र दर वेळी जावाच्या किल्ल्यांच्या साठ्यात भरण्याची कटकट वेगळी.

बाहेरची तयार सेवा भाड्याने घेण्याचा पर्याय मॅडमनी ऐकून घेतला आणि नाकारला. ज्या कारणासाठी स्वतःचा सर्व्हर घेतला, ते कारण बदललेलं नव्हतं.

उरला तो मार्ग आम्ही घेतला : समोर एनजिनएक्स, म्हणजे येणारी विनंती आधी स्वतः घेऊन मग आत पोचवणारा वेब सर्व्हर. बाहेरून ब्राउझर ४४३ वर एनजिनएक्सकडे येणार, तिथे लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेचं खरं प्रमाणपत्र, आणि तिथून आतल्या आत ७०७० कडे फक्त चॅटला लागणाऱ्या तीन वाटा जाणार : वेबसॉकेटची (सतत उघडी राहणारी जोडणी), जुन्या एचटीटीपी-बाइंडची (पुन्हा पुन्हा विचारत राहणारी पद्धत) आणि फाइल चढवण्याची. बाकी कुठलाही पत्ता मागितला तर नकार. कन्सोल बाहेरून कोणालाच नाही. आयटीसाठी एक छोटं वायरगार्ड व्हीपीएन, त्यातून एसएसएच बोगदा (दुरून मशीनवर शिरायची एन्क्रिप्टेड वाट), आणि मग कन्सोल.

५२२२ वर मात्र बराच वाद झाला. मॅडमचा कल तोही बंद करण्याकडे होता, आणि त्या रात्रीनंतर तसं वाटणं अगदी साहजिक होतं. पण सहा डॉक्टर फोनवरच्या अ‍ॅपमधून येत होते आणि त्या अ‍ॅपला ५२२२ लागतोच. हा पोर्ट लोकांसमोर उभा राहण्यासाठीच बनलेला आहे, ९०९० सारखा नाही. तो उघडा ठेवला, पण एन्क्रिप्शन सक्तीचं केलं आणि कोणीही येऊन स्वतःच स्वतःचं खातं उघडण्याची सोय, जी इतके दिवस चालूच होती, ती बंद केली. ५२६९ आणि ७७७७ कोणालाच लागत नव्हते.

काय केलं, आणि कुठे चुकलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवी मशीन उभी केली. शहरात हिवाळी अधिवेशनाची गडबड सुरू होत होती, म्हणून प्रत्यक्ष बदल रविवारी रात्री करायचं ठरलं.

पहिली चूक चाचणीतच झाली आणि ती माझी. कन्सोल फक्त मशीनच्या आतून दिसावं म्हणून ओपनफायरच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) लिहायचं असतं. ते अ‍ॅडमिन कन्सोलच्या विभागातल्या इंटरफेसमध्ये लिहायला हवं होतं. मी ते नेटवर्क विभागातल्या इंटरफेसमध्ये लिहिलं. दोन्हीकडे शब्द तोच, अर्थ निराळा. कन्सोलच्या विभागात लिहिलं तर कन्सोलच बांधलं जातं. नेटवर्कच्या विभागात लिहिलं तर ५२२२ सकट संदेशांचे पोर्टही मशीनच्या आतच कोंडले जातात. कन्सोल हवं तसं लपलं होतं, म्हणून सेटिंग बरोबर आहे असं मी धरून चाललो आणि फोनचं अ‍ॅप का जोडत नाही हे शोधण्यात पाऊण तास घालवला. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर ऐकतोय, हे लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेत दिसतं. ती आज्ञा मी शेवटी चालवली, आधी चालवायला हवी होती.

दुसरी गोष्ट वेळेची. वेबसॉकेट जोडणी तासन् तास उघडी राहायला हवी. एनजिनएक्सला मात्र पलीकडून ६० सेकंद काही आलं नाही तर जोडणी तोडायची सवय असते. वर्दळीच्या वेळी हे दिसतच नाही. दुपारी तीनला, सगळं शांत असताना, मिनिटामिनिटाला चॅट तुटून पुन्हा जुळायला लागलं. मुदत एका तासाची केली. जोडणीला वेबसॉकेटमध्ये बदलू देणारे दोन हेडरही (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचना) एनजिनएक्समध्ये हाताने लिहावे लागतात. ते नसतील तर चॅट निमूटपणे जुन्या पद्धतीवर उतरतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी गोष्ट हिंगण्याच्या ताईंनी पकडली. चिठ्ठीचा फोटो पाठवला की जात नव्हता, पण संदेश जात होते. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही आणि आजच्या फोनचा फोटो त्याहून मोठाच असतो. मर्यादा २० एमबी केली. त्याच वेळी लक्षात आलं की फाइल चढवणारा प्लगइन लोकांना अजून ७४४३ चाच पत्ता देत होता, म्हणून बुटीबोरीत लहान फोटोही गेले नसते. बाहेर सांगायचा पत्ता वेगळा लिहून द्यावा लागतो. आतला सर्व्हर स्वतःच्या नजरेने पाहतो, त्याच्यापुढे एनजिनएक्स उभा आहे हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. लॉगिनच्या नोंदींचंही तसंच झालं. सगळे वापरकर्ते एकाच, १२७.०.०.१ या पत्त्यावरून आल्यासारखे दिसत होते. खरा पत्ता पुढे पाठवणारं हेडर दोन्हीकडे चालू केलं तेव्हा नोंदींना अर्थ आला.

सोमवार सकाळ

रविवारी रात्री साडेअकरापर्यंत आम्ही मोबाइलवरून, घरच्या ब्रॉडबँडवरून, व्हीपीएनवरून सगळं तपासलं. बुटीबोरीच्या रात्रपाळीच्या ताईंनी कारखान्यातून "आला, आला" असा संदेश पाठवला. घरी गेलो ते निश्चिंत मनाने.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन. सगळी सेंटर चालू होती. मुख्य लॅबमधला एकही संगणक जोडत नव्हता.

लॅबमधले संगणक इतके दिवस सर्व्हरला थेट आतल्या पत्त्याने गाठत होते. आता प्रमाणपत्र सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या नावासाठी (डोमेनसाठी) दिलेलं, म्हणून सगळ्यांना नावानेच यायचं होतं. नाव विचारलं की डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बाहेरचा सार्वजनिक पत्ता सांगणार. म्हणजे लॅबमधला संगणक राउटरकडे राउटरचाच बाहेरचा पत्ता मागणार, आणि राउटरने तो रस्ता आतल्या आत वळवून द्यायला हवा. काही राउटर देतात, तो देत नव्हता. आदल्या रात्री आम्ही सगळीकडून तपासलं, फक्त लॅबच्या खुर्चीत बसून तपासलं नाही.

नोंदणीच्या टेबलावरचा आणि पॅथॉलॉजिस्टचा, असे दोन संगणक होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, हाताने पत्ता लिहून पंधरा मिनिटांत चालू केले. बाकीच्यांसाठी लॅबच्या आत स्वतंत्र डीएनएस लावला : आतून विचारलं तर आतला पत्ता, बाहेरून विचारलं तर बाहेरचा. तरीही तीन संगणक अडून राहिले. त्यांच्यात कोणीतरी कधीतरी हाताने गूगलचा ८.८.८.८ हा डीएनएस भरून ठेवला होता. ते शोधेपर्यंत साडेसात वाजले. तोवर क्रिटिकलची वही टेबलावरच होती, आणि त्या सकाळी तिच्यात दोन नोंदी झाल्या.

निष्पत्ती

आठवडाभरात सेंटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप थांबलं. कोणी मनाई केली म्हणून नाही, चॅट चालायला लागलं म्हणून.

बाहेरून एनमॅप केलं तर आता ८०, ४४३ आणि ५२२२ एवढंच दिसतं. ८० उघडा आहे तो लेट्स एन्क्रिप्टला नाव पडताळता यावं म्हणून, आणि बाकी येणाऱ्याला तो ४४३ कडे वळवतो. त्यांचं प्रमाणपत्र तेव्हा ९० दिवसांचं होतं आणि शेवटचे ३० दिवस उरले की सर्व्हर ते आपोआप नवं करून घ्यायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लॅबने इंटरनेट कंपनी बदलली आणि नव्या राउटरवर ४४३ व ५२२२ वळवले गेले, ८० राहून गेला. चॅट व्यवस्थित चालू होतं, त्यामुळे कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. नूतनीकरण मात्र रोज अयशस्वी होत होतं. मुदत संपत आल्याचा ई-मेल लॅबच्या स्वागतकक्षातल्या ताईंनी वाचला आणि पुढे पाठवला. आम्ही तो पत्ता मुद्दाम रोज उघडल्या जाणाऱ्या पेटीचा ठेवला होता, कंत्राटदाराचा नाही.

पेशंटची माहिती बाहेर गेली का, याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. डिस्कच्या प्रतीवरून एवढंच म्हणता आलं की ती जार फाइल चालली होती. संदेशांचा साठा वाचल्याची खूण नाही, न वाचल्याचीही नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला होता, पण तेव्हा अंमलात आलेला नव्हता. तरीही, ज्या डॉक्टरांचे पेशंट त्या संदेशांमध्ये होते, त्या सर्वांना मॅडमनी पत्र पाठवून काय झालं ते कळवलं. दोघांनी लॅबकडे नमुने पाठवणं थांबवलं. मॅडमना त्याचं वाईट वाटलं, पण पत्र पाठवल्याबद्दल त्या कधी हळहळल्या नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी मी लॅबच्या आतून तपासेन. सोमवारची ती सकाळ पूर्णपणे टाळता आली असती. सगळा बदल रविवारी एकदम करण्याऐवजी आतला डीएनएस आठवडाभर आधी लावला असता, तर ८.८.८.८ वाले तीन संगणक शांतपणे सापडले असते.

सेंटरवरच्या ताईंना मी उशिरा विचारलं. त्या फोटो पाठवतात, दुपारी तासभर गप्प असतात, रात्रपाळी कारखान्यात असते, हे सगळं त्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी एका सेंटरवर सकाळी दोन तास बसलो असतो तर एनजिनएक्सच्या दोन्ही मर्यादा कागदावरच कळल्या असत्या.

पुराच्या दिवशी ९०९० उघडणं चूक होतं, असं मी आजही म्हणत नाही. त्या दिवशी व्हीपीएन नव्हतं आणि पेशंट थांबणार नव्हते. पण तेव्हाच त्या तरुणाने फोनमध्ये दोन दिवसांनंतरची आठवण लावली असती, किंवा निदान एक ओळ कुठे लिहून ठेवली असती, तर ती यादी माझ्या आधी कोणीतरी पाहिली असती. आता राउटरच्या शेजारी भिंतीवर एक तक्ता आहे : पोर्ट, कोणासाठी, कोणी मागितला, कधीपर्यंत. "कधीपर्यंत" हा रकाना रिकामा ठेवून कोणताही नियम टाकायचा नाही, असं ठरलं आहे.

वायरगार्डची किल्ली सध्या दोघांकडेच आहे, त्या तरुणाकडे आणि माझ्याकडे. हे कमी आहे. पुन्हा तसा पाऊस झाला आणि आम्ही दोघेही अडकलो, तर कन्सोलपर्यंत पोचायला तिसरं कोणी नाही. मॅडमच्या घरच्या लॅपटॉपवर तिसरी किल्ली ठेवायची की टेक्निशियन ताईंना शिकवायचं, यावर बोलणं चालू आहे.

तक्त्यावर ५२२२ समोर "सहा डॉक्टर, फोनचं अ‍ॅप" असं लिहिलेलं होतं. त्यातले तिघे आता ब्राउझरमधून येतात. उरलेल्या तिघांना जूनमध्ये विचारायचं आहे.